वाचकांचे प्रश्न : वाचनालयाच्या हॉलमध्ये शिवण मंडळ

गावोगावच्या वाचनालयांत महिला एकत्र जमून शिवण, भरतकाम आणि विणकाम करू लागल्या आहेत, अशा आशयाचे टिपण गेल्या अंकात छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आमचे वाचनालय तालुक्याच्या गावी असून ‘ब’ वर्गातील आहे. परिसरातील काही महिलांनी शनिवारी दुपारी शिवणकामासाठी हॉल मिळावा, असा अर्ज दिला आहे. कार्यकारी मंडळातील दोन ज्येष्ठ सदस्यांचा त्याला विरोध आहे. ‘वाचनालय वाचण्यासाठी असते, आज शिवण आले, उद्या कोणी लोणची घालायला जागा मागेल,’ असे ते म्हणतात. अर्ज मंजूर करावा का?
— कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर : मंजूर करावा, परंतु लोणच्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये, कारण त्यामागची चिंता खरी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना त्यांच्या वर्गानुसार शासनाचे अनुदान मिळते. ते मिळते ग्रंथसंग्रह, वाचक आणि सेवा यांसाठी. त्यामुळे हॉल कोणालाही कशासाठीही देऊ नये, हा आग्रह योग्यच आहे. मात्र तुमच्याच हॉलमध्ये व्याख्यानमाला होत असेल, शाळांच्या वक्तृत्व स्पर्धा होत असतील, एखाद्या कवीचा सत्कारही झाला असेल. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे किंवा कोल्हापूरचे १८५० चे ग्रंथालय घ्या; आपल्याकडील जुनी वाचनालये केवळ पुस्तकांच्या कपाटांवर टिकलेली नाहीत, तर गावातील माणसांना तेथे येऊन बसण्याचे काही कारण होते म्हणून टिकली आहेत. राहिला प्रश्न स्त्रियांचा. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनात अक्षरओळख आणि शिवण एकाच छपराखाली शिकविले जात असे. घरातून ‘शिवण शिकायला जाते’ म्हणून निघणे ज्यांना सोपे होते, त्यांच्या हाती पुस्तकही तेथेच पडले. विरोध करणाऱ्या ज्येष्ठांना एवढे सांगून पाहावे.

मंजुरी मात्र तोंडी देऊ नका. कार्यकारी मंडळाच्या सभेत सहा महिन्यांपुरता ठराव करा आणि त्यात वार, वेळ व जबाबदार दोन व्यक्तींची नावे लिहून घ्या. बहुतेक वाचनालये सकाळ-संध्याकाळ उघडी आणि दुपारी बंद असतात, म्हणून दुपारची वेळ वाचकांच्या आड येत नाही. पण ती ग्रंथपाल व शिपाई यांच्या जेवणाची आणि विश्रांतीची वेळ असते, हे अर्ज करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. कुलूप कोण उघडणार, पंखे-दिवे कोण बंद करणार आणि झाडून कोण घेणार, हे ठरावातच स्पष्ट असावे, आणि तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘शिपाई’ हे नसावे. मंडळात येणाऱ्या प्रत्येकीने वाचनालयाचे सभासदत्व घ्यावे, ही अट मी स्वतः नि:संकोच घालीन. महिन्याची वर्गणी फार नसते, आणि जिची शिवणाची टोपली तुमच्या हॉलमध्ये येते तिच्या नावावर एखादे पुस्तकही असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दोन नियम कडक ठेवावेत. पहिला असा, की जुने कापड धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच आत आणावे. माळ्यावरच्या गाठोड्यातून थेट आलेल्या साड्यांबरोबर धूळ येते, कधी कसर, म्हणजे कापड-कागद खाणारी कीड, येते, आणि कसरीला कापड काय नि पुस्तकाची खळ काय, दोन्ही सारखीच गोड लागते. चहा-फराळही हॉलबाहेर व्हावा, हे त्याच कारणासाठी. दुसरा नियम सुया आणि टाचण्यांचा. शनिवारी दुपारी जेथे शिवण झाले तेथेच रविवारी सकाळी बाल विभागातील मुले मांडी घालून बसतात. म्हणून टाचण्या मोजून काढाव्यात, मोजून परत ठेवाव्यात आणि उठण्यापूर्वी सतरंजीवरून लोहचुंबक फिरवावे. जुन्या स्पीकरमधले चुंबक या कामाला उत्तम.

प्रश्न : आम्ही दहा-बाराजणी वाचनालयात जमून सामायिक गोधडी शिवीत आहोत. चारही बाजूंनी बसून आम्ही कडेपासून आत धावदोरा घालीत आलो, पण मध्यावर पोहोचेपर्यंत वरच्या कापडाला मोठ्या चुण्या पडल्या आणि मधोमध फुगवटा आला. उसवावे लागणार का? आमच्यातील कोणीच पूर्वी गोधडी शिवलेली नाही.
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : मधला भाग उसवावा लागेल, कडेचा नाही. तुमच्या पत्रातच कारण आले आहे. प्रत्येक टाक्यागणिक हाताच्या दाबाने वरचा थर किंचित पुढे सरकतो. एकटी बाई एका बाजूने शिवत गेली, तर हे सरकलेले कापड दुसऱ्या कडेपर्यंत जाऊन बाहेर पडते आणि तेथे कातरून टाकता येते. चारही बाजूंनी एकाच वेळी आत आल्यास त्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही, आणि ते मध्यावर साचते. उपाय म्हणजे पक्क्या शिलाईपूर्वीचे कच्चे टाके, आणि ते मध्यापासून कडेकडे घालावयाचे. आधी मध्यातून उभी व आडवी अशा दोन ओळी, मग कोपऱ्यांकडे तिरक्या दोन, आणि त्यानंतर वीत-वीत अंतराने बाकीच्या. प्रत्येक ओळ घालण्यापूर्वी तळहाताने कापड मध्यापासून बाहेर सारखे करीत जावे. या कामात अर्धी दुपार जाईल, पण ती जाऊ द्यावी. एकदा थर जागच्या जागी बसले, की तुम्ही कडेपासून आत आलात काय किंवा एका अंगाने सरळ ओळी घातल्या काय, काही बिघडत नाही.

आता कापडाविषयी, कारण पुढच्या गोधडीला हेच कामी येईल. जुनेर, म्हणजे वापरून जुने झालेले कापड, सुती असावे. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची साडी टिकाऊ आणि रंगीत दिसते म्हणून आत घालण्याचा मोह होतो, पण ती सुती थरांमध्ये सरकत राहते आणि घाम शोषून घेत नाही. पूर्वी नऊवारी लुगड्यांची गोधडी होत असे, त्यामागे साधा हिशेब आहे. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर, त्याचे चार समान तुकडे केले तर प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा होतो. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ इंचांचा धरला, तर दोन तुकडे कडेला कड जोडून, म्हणजे मध्ये दंड घालून, पावणेसात बाय साडेसात फुटांचा एक थर तयार होतो. याचा अर्थ एका लुगड्यात दोघांना पुरेल अशा गोधडीचे दोन थर बसतात, आणि दोन लुगड्यांत चार थरांची, वर्षभर वापरता येईल अशी गोधडी होते. साडेपाच मीटरच्या आजच्या साडीतून असा एकच थर निघतो, वर पदराकडचा सुमारे १.४ मीटरचा तुकडा उरतो. तो टाकू नये; काठ आणि ठिगळे त्यातूनच निघतात. सर्वांत विरलेले कापड आतल्या थरांत घालावे, आणि अंगाला लागणाऱ्या बाजूला मऊ पण धड असलेले कापड घ्यावे. लाल आणि काळ्या रंगाचे तुकडे आदल्या दिवशी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावेत, म्हणजे रंग जातो की नाही ते आधीच समजते.

दोरा जाडसर पण सुतीच घ्यावा. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही, हाच त्याचा दोष आहे, कारण ओढ बसली की दोऱ्याऐवजी जुने कापड फाटते. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो. सुईत दोरा हातभरच ओवावा. लांब दोरा ओवला की पुन्हा ओवण्याचे कष्ट वाचतात, असे वाटते, परंतु तो गुंततो, मग झटका देऊन ओढला जातो, आणि त्या ओढीनेही चुण्या पडतात. सुई मोठ्या नेढ्याची, लांब आणि मजबूत असावी. गोणपाटाचा दाभण नको, त्याने कापडाला भोके राहतात. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलण्यासाठी बोटावर घालायची टोपी, सुरुवातीला अडचणीचे वाटते, पण चार थरांतून सुई पार करताना त्याविना बोट दुसऱ्या दिवशी भांडी घासण्याच्या कामाचे राहत नाही.

सामायिक गोधडीत आणखी एक गोष्ट होते, आणि ती मला स्वतःला आवडते. प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो. एकीचा तांदळाएवढा, दुसरीचा गव्हाएवढा. एकीची ओळ रेषेसारखी सरळ, तर दुसरीची हळूहळू उताराला लागलेली. काही मंडळांत एक हुशार बाई घरी नेऊन इतरांचे वाकडे टाके उसवून पुन्हा घालते. तसे करू नये. ज्या बाईने पहिल्यांदाच सुई धरली आहे, तिला पुढच्या शनिवारी आपली ओळ नाहीशी झालेली दिसली, की ती परत येत नाही. टाका लांब असला तरी चालतो. तो सैल नसावा आणि अंगठा अडकेल एवढा मोठा नसावा, एवढेच पाहावे.

कडेपासून आत येण्याची तुमची पद्धत चुकीची आहे असे समजू नका. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील महिला आपली ठिगळांची गोधडी, म्हणजे ‘कवंद’, अशीच शिवतात. कडेने सुरुवात करून फिरत फिरत मध्यावर येतात. पण त्या वरचे ठिगळ आधी जोडून ठेवीत नाहीत, एकेक तुकडा शिवतानाच पुढे मांडीत जातात, त्यामुळे वरचे कापड सरकून साचण्याचा प्रश्न येत नाही. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्या घालून केलेली ‘फुले’ लावतात, आणि ती नसतील तर कवंद पुरी झाली असे मानत नाहीत. तुमच्या मंडळाला ठिगळांची गोधडी करावयाची असेल, तर ही रीत अभ्यासण्याजोगी आहे.

प्रश्न : आमच्या मंडळात शिवताना मोठ्याने पुस्तक वाचावे, अशी सूचना ग्रंथपालांनी केली. दोन वेळा प्रयत्न केला, पण निम्म्या महिला ‘टाके चुकतात’ म्हणून कुरकुर करतात. हे बंद करावे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : बंद करू नका, हातातले काम बदला. ‘टाके चुकतात’ असे सांगणाऱ्या महिला बहुधा क्रोशाचे किंवा दोन सुयांवरचे विणकाम करीत असाव्यात. त्यात टाके मोजावे लागतात, आणि मोजणे व ऐकणे एकाच वेळी जमत नाही. याउलट धावदोरा, हेम, साधी साखळी किंवा बटणे लावणे ही कामे हाताला सवयीची असतात आणि कान मोकळे राहतात. म्हणून बैठकीचे दोन भाग करावेत. पहिल्या तासात मोजणीचे, कापणीचे, शिकण्या-शिकविण्याचे काम आणि मोकळ्या गप्पा व्हाव्यात. दुसऱ्या तासात सर्वांनी साधे टाके घ्यावेत आणि एकीने वाचावे. गप्पांना वेळ दिलाच नाही, तर त्या वाचनाच्या मध्ये शिरतात, हा अनुभव कोणत्याही भजनी मंडळालाही असेल.

वाचणारी व्यक्ती प्रत्येक वेळी बदलावी, परंतु सक्ती नसावी. काहींना चारचौघांत वाचण्याचा संकोच असतो, आणि काहींना अक्षरे जोडून वाचावी लागतात हे त्या कोणाला सांगत नाहीत. पुस्तक निवडताना आत्मचरित्रे, पत्रे आणि प्रवासवर्णने यांना प्राधान्य द्यावे. त्यांचे प्रसंग लहान असतात, मध्येच गैरहजर राहिलेल्या बाईला पुढच्या वेळी सूत्र सापडते. गुंतागुंतीची कादंबरी किंवा कोट्यांनी भरलेला विनोद येथे फारसा रंगत नाही. विनोदाला हशा येतो तेव्हा सुई बोटात जाते, ही तक्रार मात्र मी गंभीरपणे घेत नाही. मोतीबिंदूमुळे किंवा वयामुळे ज्यांचे वाचन सुटले आहे, अशा महिलांसाठी तर हा तास म्हणजेच वाचनालय असते. त्यांना सुईत दोरा ओवून देण्याचे काम आलेल्या मुलींकडे सोपवावे.

प्रश्न : देणगीदाखल मिळालेले पायमशीन आम्ही वाचनालयात आणून ठेवले आहे. शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे होते. बॉबिन बदलली, तिचा ताण कमी-जास्त केला, तरी उपयोग झाला नाही.
— एक वाचक, जळगाव

उत्तर : जाळे खाली दिसले, तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसला, की तो सैल सुटतो आणि खाली गोळा होतो. दाबपट्टी, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारी पट्टी, वर उचलून दोरा पुन्हा ओवावा, कारण ती खाली असताना चकत्या घट्ट मिटलेल्या असतात. तरीही फरक पडला नाही, तर सुई नवी घालावी. सुती कापडाला साधारणपणे १४ नंबरची, आणि जाड कापडाला १६ नंबरची. मशीन बरेच दिवस पडून असेल, तर शटलच्या भोवतीचा कापसाचा भुगा ब्रशने काढून मगच तेल द्यावे. भुग्यावर तेल टाकल्यास त्याची पेंड होते. तेल दिल्यावर दोन-तीन वेळा टाकाऊ कापडावर शिवावे, नाही तर कोणाच्या तरी पांढऱ्या झबल्यावर डाग पडेल.

विचारले नाही, तरी एक सांगतो. मशीन वाचनालयात ठेवू नका. त्याचा आवाज होतो, त्यावर एकावेळी एकच व्यक्ती बसते आणि बाकीच्या आपली पाळी येण्याची वाट पाहतात. लांब शिवणी ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी घरून मारून आणाव्यात आणि हातशिलाईचे काम हॉलमध्ये करावे.

प्रश्न : आमच्या मंडळाने केलेल्या कापडी पिशव्या आणि दुपटी गावात खपू लागली आहेत. आता पैसे कोणाचे, यावरून कुरबुरी सुरू झाल्या आहेत. काही जणी बचत गट करण्याविषयी बोलत आहेत.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : बचत गट अवश्य करा, पण तो मंडळापासून वेगळा ठेवा. ज्यांना उत्पन्न हवे आहे त्यांनी स्वतंत्र गट स्थापावा, त्याचे बँकेत खाते उघडावे, त्याच्या सभा आणि नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजेच माविम, आणि ग्रामीण भागातील ‘उमेद’ अभियान यांच्याकडून प्रशिक्षण व बँकेशी जोडणीचे साहाय्य मिळू शकते. विक्रीचे काम वाचनालयाच्या हॉलमधून मात्र करू नये. सार्वजनिक जागेचा उपयोग काही जणींच्या नफ्यासाठी होतो आहे, असा आक्षेप पहिल्या वार्षिक सभेत येईल, आणि त्याला उत्तर देणे कार्यवाहांना अवघड जाईल.

मंडळात जे सामायिक कापडातून तयार होते, ते विकावयाचे की द्यावयाचे हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरवावे. माझे मत विचाराल, तर ते द्यावे. ग्रामीण रुग्णालयात बाळंत होणाऱ्या गरजू महिलांना मऊ जुनेराची तीन-चार थरांची दुपटी, टोपडी आणि झबली हवी असतात. ती देण्यापूर्वी तेथील परिचारिकांना विचारून, गरम पाण्यात धुऊन आणि इस्त्री करून द्यावीत. झबल्याला बटणाऐवजी बंद लावावेत. दोरा, सुया यांचा खर्च वर्गणीतून करावा आणि त्याची वही हॉलमध्येच, सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. वही एकीच्या पर्समध्ये राहू लागली, की पैसे चोख असूनही संशय सुरू होतो.

प्रश्न : मी निवृत्त कर्मचारी असून पूर्वी वडिलांच्या शिंपीकामात हात धरत असे. गावच्या वाचनालयातील शिवण मंडळात पुरुषाने जावे का, की ते शोभणार नाही?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : आपल्याकडे पैसे घेऊन शिवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने पुरुषांनीच केले आहे, त्यामुळे शोभण्याचा प्रश्न कोठून आला, हे कळत नाही. संत नामदेव शिंपी घराण्यातले होते आणि गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या त्यांच्या पदांत गज, कात्री, सुई आणि दोरा यांच्या प्रतिमा येतात. मात्र बैठक महिलांनी सुरू केलेली असेल, तर आधी त्यांच्यापैकी जबाबदार व्यक्तीला विचारावे. काही जणी त्या दोन तासांत घरातल्या गोष्टी मोकळेपणाने बोलतात आणि पुरुष आल्यास त्या गप्प होतील, असे त्यांना वाटू शकते. तसे असेल तर महिन्यातून एक दिवस दुरुस्तीचा ठेवण्याची सूचना करावी. त्या दिवशी गावातील कोणीही उसवलेली शिवण, तुटलेली चेन किंवा निघालेले बटण घेऊन यावे आणि स्वतः बसून ते शिवायला शिकावे.

या कामात आपला उपयोग मोठा आहे, कारण घरगुती शिवण करणाऱ्या पुष्कळ महिलांना हाताने काज करता येत नाही. काजाला आधी कापून मग टाके घालावेत की टाके घालून मग कापावे, कापडाची कड सुटू नये म्हणून आतून किती दोरे धरावेत आणि शेवटचा आडवा टाका कसा बांधावा, हे शिंप्याच्या हाताखाली राहिलेला माणूस एका दुपारी दाखवू शकतो. पहिल्या दिवशी मांजरपाटाचे वीतभर तुकडे, धारदार लहान कात्री आणि जुन्या शर्टाची बटणे बरोबर न्यावीत. नव्या शर्टावर कोणालाही पहिले काज करू देऊ नये.